पायरीवरच्या चपला

श्रावणी सोमवारी भर आरतीत बसवण्णाच्या देवळाचा नवा सभामंडप कोसळला. निलम्मा गिरणीत दळण तसंच टाकून पळत सुटली. तिचा नवरा चन्नबसप्पा रोज आरतीला उजवीकडच्या खांबाला टेकून बसायचा.

पायरीशी चपलांचा ढीग तसाच पडला होता. ज्यांची माणसं आत अडकली होती, ते सगळे त्यात ओळखीच्या चपला धुंडाळत होते. निलम्मानं अख्खा ढीग उलथापालथा केला. हिरव्या दोऱ्यानं शिवलेल्या टायरच्या चपला त्यात नव्हत्या. तिच्या जिवात जीव आला.

जेसीबीवरून किरणकुमार ओरडला, "अक्का, अण्णा ह्याच खांबाजवळ बसतेत न्हवं? आत हाईत का?"

"न्हाईत रे बाबा! त्यांच्या चपला न्हाईत हितं. तू बाकीच्यांचं बघ."

त्यानं मशीन पलीकडं वळवलं. निलम्मानं देवाला हात जोडले आणि ती घराकडं निघाली.

उंबऱ्याशी हिरव्या दोऱ्याच्या चपला नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या. ती दारातूनच हरखून म्हणाली, "आवो, कवा आलाव?"

आतून सून सुधारानी रडतच बाहेर आली. "आले कुठं, आत्याबाई? उद्या तुमचं आपरेशन हाय म्हणून मामंजी आज अनवाणीच गेलेत देवळाला. तुम्हाला सांगू नको म्हणले."

देवळाकडून जेसीबीची घरघर ऐकू येत होती. तिच्याच शब्दावर किरणकुमार तो खांब सोडून पार पलीकडं गेला होता.