आशीर्वादाची चिमटी

शेवटची गोळी मधोमध लागली की लेकीची नेमबाजीच्या संघात निवड पक्की. तेवढ्यात मागून आई कुजबुजली, “काडतुसं भरताना तू उठलीस ना, तेव्हा एकात मी चिमटीभर दारू जास्त घातली होती गं. आशीर्वाद म्हणून.” “शांतता!” पंच खेकसले. आई तोंडावर हात ठेवून बसली. सगळ्या गोळ्या एकाच वेगाने सुटाव्यात म्हणून लेक सोनारासारखी तोलून दारू भरायची. चिमटीभर जास्त म्हणजे गोळी जोरात सुटणार आणि किलोमीटरभर लांबच्या लक्ष्यावर वीतभर वर लागणार. आधीच्या सगळ्या मधोमध लागलेल्या, म्हणजे आशीर्वाद आता नळीतच होता. घाम पुसून तिने नेम वीतभर खाली धरला आणि चाप ओढला. गोळी बरोब्बर वीतभर खाली लागली. “पण मी ती चिमटीभर दारू परत काढली होती,” आई कुजबुजली, “तू ओरडशील म्हणून.”