फळ्यावरचा रेडा

“रविवारी सकाळी लावतो. पोरंच पोरं येत्यात,” गुंडूशेठ म्हणाले आणि पान थुंकायला थिएटरच्या खिडकीशी गेले.

सलिमा उभीच होती. “पोरांचा सिनेमाच नाही हा.”

“रेडा नाचतोय, चित्रं पळत्यात. पोरास्नी न्हाय तर कुणाला दाखवायचं, डायरेक्टरबाई?”

“मोठ्यांना. संध्याकाळच्या खेळाला. आणि दारावर पाटी पाहिजे. अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही.”

गुंडूशेठ हसले ते खोकला येईपर्यंत हसले. कॅमेरा मांडीवर घेऊन बसलेले इमामचाचा शांतपणे म्हणाले, “शेठ, हिच्या नादी लागू नका. ही म्हणती ते करून सोडती.”

कोल्हापुरात तेव्हा सिनेमावाले काही कमी नव्हते. पण चित्रं हलवून मोठ्या माणसांसाठी सिनेमा काढणारं कोण? कोणी नाही. सलिमा मुजावर पहिली, आणि ही गोष्ट तिला चांगलीच ठाऊक होती. चालताना सुद्धा ती ठाऊक असल्यासारखीच चालायची.

याआधी तिच्या नावावर दोन कामं होती. याच थिएटरात दाखवायची काचेची स्लाईड, ‘बिडी विझवून बसा’. आणि मशेरीची जाहिरात, तिच्यात दातांची रांग लेझीम खेळायची. ते लेझीम चुकू नये म्हणून लोक खेळाला लवकर येऊन बसायचे. म्हणून तर गुंडूशेठ तिचं ऐकून घ्यायचे.

‘रेडा’ मात्र तिनं शाळेत काढला. नववीच्या वर्गाचा फळा सगळ्यात मोठा. रोजचा तोच वर्ग, त्यामुळं फळ्याची भेग न् भेग तिला पाठ. हेडबाईंनी किल्ली दिली होती एका अटीवर, जाताना फळा पुसायचा. सलिमाला हसूच आलं, कारण पुसणं हेच तर काम होतं. खडूनं चित्र काढायचं, बाकावर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून इमामचाचांनी ते टिपायचं, मग रेड्याचा पाय तेवढा पुसून जरा पुढं काढायचा. पुन्हा खट्. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. “पिठाच्या गिरणीत लागलीस काय गं?” आई तिचे केस झटकत म्हणायची.

सिनेमात एक माणूस संध्याकाळी घरी येऊन बायकोवर ओरडतो. त्याच्या तोंडातून रेडकू बाहेर पडतं. रोज ओरडणं, रोज रेडकू वाढतं. शेवटी रेडकाचा रेडा होऊन तो चुलीपुढं बसतो आणि बाईला घरात उभं राहायला जागा उरत नाही. मग ती पदर खोचते आणि शिंगांपासून त्याला पुसायला लागते.

हे सलिमानं कुठून आणलं, तर भिंतीपलीकडून. शेजारचा जोतीराम शिरोलीच्या कारखान्यात कामाला होता. दिवसा गोड माणूस, दारावरून जाणाऱ्याला “या पावणं, च्या घ्या” म्हणणारा. दिवेलागणीला त्याचा आवाज चढायचा, मग भांडी पडायची, मग बयाबाईच्या बांगड्या वाजायच्या आणि एकदम काहीच वाजायचं नाही. त्याला गल्लीत कुणी कधी टोकलं नाही. सलिमाला एवढंच पाहिजे होतं की जोतीरामनं चार बाप्यांच्या मध्ये अंधारात बसून हे बघावं. पोरांच्या खेळाला तो कशाला येतोय?

बयाबाईला तिनं आधी विचारलं होतं. बयाबाईनं तांदळातला खडा काढून अंगणात भिरकावला. मग म्हणाली, “काढ की. पर रेडा मोठा काढ.”

सेन्सॉरसाठी फिल्म मुंबईला न्यायची होती. नेमके त्याच आठवड्यात पेपर आले, म्हणून इमामचाचा एकटेच गेले. परत आले ते गल्लीच्या तोंडापासून सांगत, “मिळालं! मोठ्यांसाठीच दिलं, ए!” सलिमानं अंगणात अशी गिरकी घेतली की समोरच्या धोंडुबाईंना वाटलं, हिचं लग्न ठरलं.

‘ए’ म्हटल्यावर गुंडूशेठांचे डोळे लकाकले. “मग संध्याकाळचाच खेळ. हाऊसफुल्ल जातंय बघा.” पाटी सलिमानं स्वतः रंगवली. लाल अक्षरं, एकेक वीतभर.

खेळाच्या दिवशी ती निळी साडी नेसून व्हरांड्यात उभी राहिली. पाटी वाचून बाप्ये भलत्याच आशेनं आले होते, कळंब्याहून सायकली मारत, तेल लावून भांग पाडून. येऊ देत. जोतीराम आला. त्याच्या मागं बयाबाई. आत जाता जाता तिनं सलिमाचा हात दाबला.

पायरीवर पोरांचा घोळका कुरकुरत होता. दारावरचा केरबा काही ऐकेना. “वाचाय येतंय न्हवं? मग फुटा हितनं.” एकही पोर आत गेलं नाही. सलिमाची मान ताठ झाली.

दिवे गेले. रेडकू बाहेर पडलं तसा आत हशा उसळला. कुणीतरी शिट्टी घातली. मग हशा विरळ झाला. मग थांबला. रेडा चुलीपुढं बसला असणार, हे तिला बाहेरूनच कळलं. एवढ्या माणसांत कुणी खोकतही नव्हतं.

आता जोतीरामचं तोंड बघायचं होतं. ती दाराच्या पडद्याशी गेली, तर केरबाचा हात आडवा आला.

“केरबामामा, माझाच सिनेमा हाय.”

“हाय की. तुझं नाव वाचलं म्या वर, ऊर भरून आला.” हात काही खाली येईना. “पर आमची चिमी तुझ्याच बाकावर बसती न्हवं, नववीत? आईची साडी नेसली म्हणून कोण अठराचं हुतंय व्हय?” त्यानं लाल अक्षरांकडं बोट केलं. “आणि ही पाटी कुणी रंगवली, म्या?”