कानमिस्त्री

“आधी तो मास्क काढ,” कानमिस्त्री म्हणाले. “बापाशी बोलताना तोंड दिसू दे.”

मुलानं मास्क काढला. गेल्या पंधरा दिवसांत बाबा त्याच्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. त्याला जरा बरंच वाटलं.

त्याच्यामागे नवं घर उभं होतं. ते कुणी बांधलं नव्हतं; छापलं होतं. यंत्राच्या नळीतून टूथपेस्टसारखं काँक्रीट येत गेलं, थरावर थर बसत गेला आणि तीन दिवसांत भिंती पुऱ्या. कंपनीनं त्याला यंत्र एका घरापुरतं दिलं होतं. हे घर पसंत पडलं तर पुढची चाळीस घरंही त्याचीच. नाही पडलं तर यंत्र परत, आणि तोही परत, जिथं सात वर्षं काढली त्याच परक्या शहरात.

घरमालकीण बाई निवृत्त मुख्याध्यापिका. तपासणीचा अकरा पानी अहवाल त्यांनी वाचला, शुद्धलेखनाच्या चार चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि म्हणाल्या, “ठीक आहे. आता वडिलांना बोलाव.”

कारण कानमिस्त्री बोट वाकवून भिंत वाजवत आणि ती आतून भरीव की पोकळ ते सांगत. तीस वर्षांत चुकले नव्हते. ते ‘पोकळ’ म्हणाले की ठेकेदार वाद न घालता भिंत पाडायचे. मध्यंतरी एकानं पिकलंय का ते वाजवून सांगा म्हणून कलिंगड आणलं, तर त्याला ते हातही लावेनात. गेल्या काही वर्षांत त्यांची एकच अट होती, बांधणारा समोर हवा. माणसाच्या माघारी त्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. लोकांना याचं फार कौतुक.

मुलाला नव्हतं. विटा सोडून तो यंत्रामागे गेला, तेव्हापासून बाबांनी अबोला धरला होता. एकदाही फोनवर आले नाहीत. “ते नाही यायचे,” एवढंच आई म्हणायची. तो परतल्यावरही तेच. समोर बसला तर हो-नाही. मागून दहा हाका मारल्या तरी मान वळायची नाही. शेवटी त्यानंही हाका मारणं सोडलं. अबोला काय, त्यालाही जमत होता, घराणंच ते.

“बांधणारा कोण?” बाबांनी विचारलं.

“यंत्र.”

“यंत्र नको. माणूस सांग.”

“मग मीच.”

“मग इथं उजेडात उभा राहा.”

बाबांनी बोट वाकवलं. टक. टक. टक. नजर मात्र भिंतीवर नव्हती, मुलावर होती. लहानपणी त्यानं ओळंबा वाकडा धरला की असेच बघायचे. भिंत ठणठणीत आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी कपाळावर घाम आला आणि बाबांची नजर टाळत तो खाली बघायला लागला.

बाबांचा हात थांबला.

“पोकळ,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. मुलाला वाटलं, धूळ गेली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र ट्रकमध्ये चढलं. दुपारी भिंत फोडायला घेतली. घणाचे दोन दांडे मोडले. पोकळी सोडाच, आत मुंगी शिरायलाही फट नव्हती. बाई बघत राहिल्या. ट्रक तोवर बराच लांब गेला होता.

संध्याकाळी तो भिंतीचा एक तुकडा घेऊन घरी आला. बाबा खिडकीशी पाठमोरे बसून थापी घासत होते.

“झालं समाधान?” तो दारातूनच ओरडला. “यंत्र गेलं. उद्या मीही जातोय. परत येणार नाही. ऐकताय ना?”

बाबा थापी घासत राहिले.

“बघ,” तो आईला म्हणाला, “अजून अबोलाच.”

आईनं तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मटकन खाली बसली.

“अबोला नाही रे तो. तुलासुद्धा सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. तू गेलास त्याच वर्षी त्यांचे दोन्ही कान गेले.”

“मग इतक्या भिंती कशा ओळखल्या?”

“बांधणाऱ्याच्या तोंडाकडे बघून.”