हिरवे हात

एकोणीसशे अठ्ठावन्न साली, कारखान्यात पहिल्यांदा हिरवा रंग शिजला त्या संध्याकाळी, मालकाची मुलगी ताटं वाढायला वाकली आणि तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर पाठीच्या मधोमध पाच हिरवी बोटं दिसली.

बाबा दिवसभर बाहेरगावी होते. नवी कढई कुणी ढवळली, त्यांना ठाऊक नव्हतं.

"कोण?"

मुलगी पुन्हा ताटांवर वाकली. आईने तोंड फिरवलं.

"बरं. उद्या सकाळी सगळ्यांचे हात बघतो."

धुणंवाल्या मावशी दारातच होत्या. म्हणजे रात्रीच्या आत गल्लीभर झालं.

बाबा स्वतः याच कारखान्यात कढई ढवळायला आले आणि तेव्हाच्या मालकाचे जावई झाले, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगे. पण वर चढल्यावर त्यांनी शिडी काढून घेतली असणार, अशी मुलीची खात्री होती. कढईवर शीळ घालत राबणाऱ्या त्या पोराला, तिच्या शीळवाल्याला, ते हाकलणार. आणि शीळवाल्याशिवाय तिला जगायचं नव्हतं.

उजाडताच ती खाली गेली. दारात राखेचा डबा असे. कालचा रंग आजच्या कापडाला लागू नये म्हणून ओले हात राखेने घासल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, हा बाबांचा नियम. रंगाची भुकटी कोरडी असली की राखेसारखीच काळपट दिसे. पाणी लागलं की हिरवी होई. तिने ती ओंजळीओंजळीने राखेत मिसळली. आता शोधा म्हणावं!

वर आली तर आई कपाटातले चांगले कप पुसत होती.

"कोण येणार आहे?"

"येईल कुणीतरी. तू आधी केस विंचर. भूत दिसतेस."

माणसं रांगेत उभी राहिली तेव्हा मुलगी खिडकीआड होती.

"मालक, घासावं तितका चढतोय की हो!" म्हातारा कामगार हात नाचवत म्हणाला. "आता माझीही बायको विचारणार, कुणाच्या पाठीला लावून आलात!"

रांग खो खो हसली. सगळ्यांचे हात हिरवेगार. बाबाही हसले. मुलीचा जीव भांड्यात पडला.

शेवटी शीळवाला. हात पाठीमागे.

"पुढे कर."

हातांना फडकं गुंडाळलेलं होतं. बाबांनी सोडलं. कापड पांढरं करायच्या पावडरीत त्याने रात्रभर हात बुडवले होते. कातडं सोलून निघालं होतं. झोंबेल म्हणून राखेला तो शिवलाच नव्हता. हिरवा ठिपकासुद्धा नव्हता.

"लपवायला एवढं केलंस?" बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

शीळवाल्याची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. कुठल्याशा गोदामावर तो राखणदार झाला. तिथे त्याची शीळ कुणी ऐकली नाही. मुलीला वर्षाच्या आत लांब दिलं. नवरा वाईट नव्हता, बोलायचा नाही इतकंच. बाबा गेले, मागोमाग कारखाना गेला, कढया भंगारात गेल्या.

आई थकली, तेव्हा मुलीने एकदाच विचारलं, "एवढा कसला गं राग होता बाबांना?"

"राग?" आई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, मग त्या सकाळी मी ते कप कुणासाठी पुसत होते?"