पदरावरचा डाग

दारात पाहुणे दिसले की कामिनी सासूबाईंना आत पिटाळायची, "आई, आधी ती डागांची साडी बदला." सुनंदाबाईंचा जन्म रावेरजवळ केळीच्या बागेत गेलेला. चिकाचे काळे डाग नसलेली साडी त्यांच्याकडे एकच, लग्नकार्यापुरती.

एकदा टीव्हीवरच्या मालिकेतल्या नायिकेनं पांढऱ्या साडीत केळीचा घड कापला आणि तशीच पांढरीशुभ्र घरी आली. मालिका बघायला जमलेल्या गल्लीतल्या बाया वाहवा करू लागल्या. सुनंदाबाई उसळल्या, "काय डोंबलाची चांगली! केयीचा चीक लागला म्हणजे साडी फाटीन, पन डाग जाणार नाही. इले वावरात कोणी नेलंच नाही!" कामिनीनं हसत हसत ते फोनवर टिपलं आणि मालिकेच्या वाहिनीला पाठवून दिलं.

महिन्याभरानं नायिका घड कापून घरी आली ती पदरावर काळा डाग घेऊनच. खाली अक्षरं उमटली, 'आभार : सुनंदाबाई, रावेर.' गल्लीत शिट्ट्या वाजल्या.

रविवारी पाहुणे आले. सुनंदाबाई सवयीनं साडी बदलायला उठल्या. कामिनी दारात आडवी उभी राहिली.

"कुठे चाललात, आई? ते डागच बघायला आलेत."