लाल टोपीवाला

लोर्ना पेट्री स्टुलावर चढून भिंतीवरचे चोर उतरवत होती.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या त्या छोट्या सुपरमार्केटात गल्ल्यामागच्या भिंतीवर वर्षभरात ते बरेच जमले होते. कॅमेऱ्यातून काढलेले धुरकट चेहरे, खाली तारीख आणि माल: लोणी, चीज, दाढीची पाती, पुन्हा चीज. सकाळी मोठ्या ऑफिसातून फोन आला होता, गिऱ्हाइकांचे असे फोटो लावणं कायद्यात बसत नाही म्हणून. ‘गिऱ्हाईक’ हा त्यांचा शब्द. लोर्नानं वाद घातला नाही. दारावरचा रखवालदार काढला तेव्हा घातला होता, तर त्यांनी लोण्यासाठी कुलूपवाल्या डब्या पाठवून दिल्या होत्या.

“अगं, भिंत उघडीबोडकी झाली की,” गल्ल्यावरून आयली ओरडली. “आता मी दिवसभर कुणाची थोबाडं बघू?”

“गिऱ्हाइकांची बघ.”

“तीच तर होती!”

लोर्नाला हसू आलं नाही. उजवा हात वर नेला की खांद्यात अजून कळ यायची, म्हणून ती डाव्या हातानं टाचण्या उपटत होती. लाल टोपीवाल्याच्या फोटोपर्यंत ती पोचली, तेवढ्यात खालून कुणीतरी म्हणालं, “तो राहू द्या.”

साठीची एक बाई उभी होती. ओला कोट, हातात रिकामी बास्केट. चेहरा लोर्नाच्या ओळखीचा होता. ही अधूनमधून यायची, एखादा पाव घ्यायची आणि गल्ल्यापाशी उगाच रेंगाळायची. लोर्नानं तिच्यावरही नजर ठेवली होती. ज्यांच्यावर ठेवू नये अशी माणसं आता उरलीच नव्हती.

लोर्ना खाली उतरली. चोरांचे नातेवाईक यायचे ते भांडायला. एकीनं तर फोटो फाडून आयलीच्या तोंडावर फेकला होता.

“बाई, सगळेच काढतेय मी. वरून तसं सांगितलंय. तुमचा कोण हा?”

“मुलगा. रोरी. मी सेंगा डथी.” बाईनं बास्केट या हातातून त्या हातात घेतली. “तो येऊन गेला की तुम्ही नवा फोटो लावायचात ना. मी खालची तारीख बघायची. नवी असली की म्हणायची, आहे. कुठंतरी आहे.”

“घरी येत नाही?”

“कुलूप मीच बदललं.”

तिनं हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की लोर्नाला पुढं विचारवेना. तिनं फोटो बाईच्या हातात दिला.

“न्या हा. मी दिला म्हणून कुठं सांगू नका.”

सेंगानं तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

“यात चेहरा कुठाय? नुसती टोपी.” मग ती चाचरत म्हणाली, “तुमच्याकडं तो चालताना, हलताना दिसतो का हो?”

नाही म्हणायला हवं होतं. नियमच होता तसा. पण सकाळपासून लोर्ना सगळ्यांना नाहीच म्हणत आली होती.

“या,” ती म्हणाली.

मागच्या खोलीत वेफर्सची खोकी, चहाची किटली आणि एक टीव्ही होता. सेंगा एका खोक्यावर टेकली. लोर्नानं फोटोखालच्या तारखेचं चित्रण शोधून लावलं. पडद्यावर सरकतं दार उघडलं आणि लाल टोपी आत आली.

“वाळलाय,” सेंगा म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “डावा पाय ओढतोय. आधी नव्हता ओढत.”

रोरी चीजच्या कपाटापाशी थांबला आणि गाडी सुटायला आल्यासारखा भराभर पुडे जाकिटात कोंबू लागला. पुढं काय होतं ते लोर्नाला ठाऊक होतं. इथं थांबवायचं असं तिनं ठरवलं होतं, पण बटणाकडं हात जाईपर्यंत उशीर झाला. पडद्यावरची लोर्ना दोन्ही हात पसरून त्याच्या आडवी आली. चोराला अडवायचं नाही, हेही नियमातच होतं, पण त्या दिवशी तिला अगदी नकोसं झालं होतं. रोरीनं तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती फळ्यांवर आदळून खाली पडली, वरून डबे कोसळले, आणि तिला ओलांडून टोपी दाराकडं पळाली.

“अगंबाई.” सेंगाचा हात तोंडावर गेला. “फार लागलं तुम्हाला?”

“खांद्याला. होतोय बरा.”

आता ती म्हणेल, तो तसा नाही हो. सगळ्या आया म्हणतात. पण सेंगा पडद्याकडं आणखी वाकली.

“परत लावा ना. तेवढं शेवटचं.”

लोर्नानं लावलं.

“तिथं! बघा, दारातून वळून बघितलं त्यानं. तुम्ही पडलात म्हणून.”

लोर्नानं हे पोलिसांबरोबर पाहिलं होतं, ऑफिसच्या माणसाबरोबर पाहिलं होतं, आणि एकदा एकटीनं बसूनही पाहिलं होतं. दारातून सगळेच मागं बघतात. कुणी पाठलागावर आहे का, ते बघतात. नव्या पोरींना हे तिनं स्वतः याच खोलीत शिकवलं होतं. पडद्यावर टोपी मागं वळली न वळली तोच दार मिटलं. पाय कुठंही अडखळले नव्हते.

“थांबला होता ना जरासा?” सेंगानं विचारलं. आता ती पडद्याकडं नाही, लोर्नाकडं बघत होती.

बाहेरून आयली लोर्नाच्या नावानं हाका मारत होती.

“थांबला होता,” लोर्ना म्हणाली.