गप्प बसल्याचा आकडा

फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या उर्पोने कॉम्प्युटरवर टाइप करून गप्पा मारायचा एक प्रोग्राम स्वतः लिहिला होता. कोण किती वेळ गप्प आहे, ते नावापुढे दिसायचं. "तीस वर्षांत एक आकडा चुकला नाही," कॉफी ओतत तो लेकीला म्हणाला.

"मग इथे यादीत वेइयोकाका फक्त चार सेकंद गप्प कसे, बाबा? पुरून एकोणीस दिवस झाले त्यांना."

वेइयो उर्पोचा जुना मित्र. त्याच्या घरातला कॉम्प्युटर बंद करायला कुणाचा हात धजला नव्हता. नाव यादीत राहिलं होतं. त्याखाली उर्पोचं स्वतःचं नाव होतं: एकोणीस दिवस.

उर्पोने घाईघाईने एक ओळ टाइप करून पाठवली. त्याच्या नावापुढचा आकडा हलला नाही.

"बिघडलाय तुमचा प्रोग्राम."

उर्पोची मान ताठ झाली. "माझा प्रोग्राम चुकत नाही. पुरलं कुणाला, ते तूच नीट आठव."